आपल्या वतीनं कोण बोलणार?

(वाशी येथील व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत त्या बाई हाडाच्या शिक्षिका होत्या. त्यांना पाल्हाळ खपत नसे. म्हणून थेट विषयावर येतो.

माणूस मरणार, हे मराठी माणसाला कुणी नव्यानं शिकवायला नको. कीर्तनातून, हरिपाठातून, दहाव्या-तेराव्याला जमलेल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून ते आपल्या कानांवर लहानपणापासून पडलेलं आहे. पण शेवटचे पंधरा दिवस कुठे जावेत, नाकातोंडात नळ्या किती असाव्यात, छातीवर दाब देऊन हृदय पुन्हा चालू करावं की करू नये आणि आपली शुद्ध गेल्यावर हे कुणी ठरवावं, याबद्दल आपण घरात चकार शब्द काढत नाही. मृत्यू अटळ आहे एवढं मान्य केलं की पुढचं आपोआप नीट होईल अशी आपली समजूत आहे. फॅमिली डॉक्टर म्हणून नवी मुंबईत मी आयुष्य काढलं. तसं होत नाही, हे मी फार जवळून पाहिलं आहे.

आपल्या शहराची एक वेगळी गोष्ट आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि मग वाशी, नेरुळ, बेलापूर वसत गेलं. गिरगाव, परळ, दादरमधून माणसं सिडकोच्या लहान घरांत राहायला आली तेव्हा ती ऐन उमेदीत होती. एकाच वयाची माणसं एकाच सुमाराला आली, एकाच वेळी त्यांची मुलं शाळेत गेली. आता ती सगळी एकदमच म्हातारी झाली आहेत. मुलं हिंजवडीला, बंगळूरुला, न्यू जर्सीला. जुन्या चार मजली इमारतींपैकी कित्येकींना लिफ्ट नाही. रात्री अडीचला अँब्युलन्स येते. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर फिरत नाही. मग प्लास्टिकच्या खुर्चीत पेशंटला बसवतात, चादरीनं खुर्चीला बांधतात आणि शेजारचे दोघं-तिघं पाठमोरं, एकेक पायरी चाचपत खाली उतरतात. त्या खुर्चीचा पाय धरून मीही उतरलेलो आहे. मागून बायको येत असते. एका हातात जुन्या रिपोर्टांची फाइल, दुसऱ्या हातात मेडिक्लेमचं कार्ड, घराचं कुलूप लागलं की नाही याची खात्री नाही. खुर्चीतल्या माणसाला दम लागलेला असतो, पण बहुतेकदा तो शुद्धीवर असतो. त्याला काही विचारायचं तर ती शेवटची संधी असते. तेव्हा विचारायचं कुणाला सुचत नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. ते विचारायला आधीची दहा वर्षं मोकळी होती.

पुढचं तुम्ही जाणता. कॅज्युअल्टीत तरुण डॉक्टर सांगतो, ‘ट्यूब टाकावी लागेल, सही करा.’ बायको मुलाला व्हिडिओ कॉल लावते. मुलगा म्हणतो, ‘सगळं करा डॉक्टर. मी येईपर्यंत काही काढू नका.’ त्याचं प्रेम खोटं नसतं. लांब राहिल्याची खंत त्यात असते, नातेवाईक काय म्हणतील याची धास्तीही असते. डॉक्टर ‘सगळं’ करतो. पंधराव्या दिवशी विम्याची रक्कम संपलेली असते, किडनी बसलेली असते आणि तेच कुटुंब म्हणतं, आम्ही घरी नेतो. मग एका फॉर्मवर ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’ असं लिहून सही घेतली जाते. हॉस्पिटलात याला ‘डामा’ म्हणतात. डामा घेऊन घरी आलेल्या माणसासाठी ना मॉर्फिन असतं, ना नर्स, ना कुणाचा फोन नंबर. त्याचे शेवटचे तास कसे जातात ते मी बघितलं आहे आणि त्याचं वर्णन या सभागृहात करणार नाही.

उपचार थांबवण्याचा निर्णय आपल्याकडे रोज होत असतो. तो पैसा घेतो, थकवा घेतो, बेडची टंचाई घेते. ज्याचा देह आहे त्याचा त्यात आवाज नसतो. माझा आजचा सगळा मुद्दा एवढाच आहे.

या विषयाचा देशातला सगळ्यात मोठा खटला आपल्या खाडीपलीकडचा आहे. परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानभाग परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातल्याच एका सफाई कामगारानं त्यांच्यावर पाशवी हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्या वेळी त्या पंचवीस वर्षांच्या होत्या, लग्न ठरलेलं होतं. त्यानंतर त्या जवळजवळ बेचाळीस वर्षं केईएमच्याच एका खोलीत होत्या. १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं गेल्या.

त्या बेचाळीस वर्षांबद्दल बोलताना मला प्रथम परिचारिकांविषयी बोललं पाहिजे. एका बॅचच्या परिचारिका निवृत्त झाल्या, दुसरी बॅच आली, तीही निवृत्त झाली. नव्या मुलींना जुन्या मुली अरुणाताईंचं अंग पुसायला, भरवायला, कूस बदलायला शिकवून गेल्या. त्यांना कधी बेडसोर झाला नाही. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला आठवड्यात पाठीवर जखम होते हे ज्यांनी घरी अनुभवलं आहे त्यांना या एका वाक्याचा अर्थ कळेल. जगाच्या वैद्यकीय इतिहासात अशी शुश्रूषा फार थोडी सापडेल.

पिंकी विराणी या लेखिकेनं अरुणाताईंच्या वतीनं सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की त्यांचं अन्न थांबवून त्यांना शांतपणे जाऊ द्यावं. न्यायालयानं मुंबईचे तीन डॉक्टर नेमले: टाटा मेमोरियलचे डॉ. दिवेटिया, हिंदुजाचे डॉ. रूप गुरसहानी आणि सायनचे डॉ. नीलेश शाह. त्यांनी तपासून अहवाल दिला. ७ मार्च २०११ ला न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यान सुधा मिश्रा यांनी निकाल दिला. विराणी यांची मागणी फेटाळली गेली. इतकी वर्षं ज्यांनी सांभाळलं ते केईएमचे कर्मचारीच अरुणाताईंचे खरे जवळचे, आणि त्यांची इच्छा त्यांना जगवण्याची आहे, असं न्यायालयानं म्हटलं. पण त्याच निकालानं अशा स्थितीतल्या इतर रुग्णांचे उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीनं थांबवण्याचा मार्ग पहिल्यांदा खुला केला.

मी दोन्ही बाजूंचं पुष्कळ वाचलं आहे. परिचारिकांचं प्रेम मला पटतं, विराणी यांची तळमळही पटते. पण त्या न्यायालयात एक व्यक्ती बोलू शकत नव्हती, आणि सगळा खटला तिला काय हवं असेल याच्या अंदाजावर चालला होता. पंचविशीतल्या मुलीला, १९७३ साली, असं काही कोण विचारणार होतं? तिला संधीच मिळाली नाही. या सभागृहात बसलेल्या सत्तरीच्या माणसांना मात्र ती सबब नाही.

आता दुसरं टोक बघू. आपल्याकडे स्वतःचं मरण स्वतः ठरवलेल्या माणसांची परंपरा आहे. आळंदीची समाधी सगळ्यांना ठाऊक आहे. अगदी अलीकडची उदाहरणं घ्यायची तर बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे आचार्य शांतिसागर. त्यांनी १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना, म्हणजे उपवासानं देह ठेवण्याचं जैन व्रत, घेतली आणि छत्तिसाव्या दिवशी देह ठेवला. सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ च्या सुरुवातीला औषध-अन्न सोडलं, २६ तारखेला ते गेले. आणि विनोबा. आपल्या शेजारच्या पेण तालुक्यातलं गागोदे हे त्यांचं जन्मगाव. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी उपचार केले, थोडा उतार पडला. मग विनोबांनी औषध, अन्न आणि पाणी घेणं बंद केलं. इंदिरा गांधी भेटून गेल्या. डॉक्टरांनी आणि जवळच्यांनी विनवण्या केल्या. विनोबांचं ठरलं होतं. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, त्यांनी देह सोडला. वय सत्त्याऐंशी.

या तिघांच्या विचारांत केवढं अंतर आहे हे तुम्हाला सांगायला नको. त्यांच्या निश्चयाचं आपण कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण डॉक्टर म्हणून मला आणखी एक गोष्ट दिसते. निर्णय घेताना तिघंही शुद्धीवर होते, बोलू शकत होते. आणि तिघांच्याही भोवती त्यांचा शब्द मानणारी माणसं होती. पवनारच्या आश्रमात विनोबांनी मान हलवून नको म्हटलं की त्यांच्या तोंडात बळजबरीनं चमचा घालणारं कुणी नव्हतं. तेच विनोबा बेशुद्ध अवस्थेत एखाद्या अतिदक्षता विभागात दाखल झाले असते, तर त्यांचं तत्त्वज्ञान त्यांच्या मदतीला आलं नसतं. त्यांनाही कुणीतरी लागलं असतं, त्यांच्या वतीनं ठामपणे बोलणारं.

आपण विनोबा नाही. उपवासानं देह ठेवावा असं मी कुणालाही सांगत नाही आणि सांगणारही नाही. माझा अनुभव असा, की आपल्यातले बहुतेक जण शेवटच्या काळात विनोबांपेक्षा अरुणाताईंच्या अवस्थेच्या जवळ असतात. पक्षाघात, डोक्याला मार, स्मृतिभ्रंश, सेप्सिस. बोलता येत नाही, आणि निर्णय तर दर तासाला घ्यावे लागतात.

मुंबईत हा प्रश्न फार आधी ओळखला गेला होता. मिनू मसानी यांनी १९८१ साली सन्मानानं मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. समाजवादी नेते प्रा. सदानंद वर्दे यांनी १९८५ साली आपल्या विधान परिषदेत अशासकीय विधेयक मांडलं, की बरा न होणारा रुग्ण उपचार नाकारत असेल तर त्याचं ऐकणाऱ्या डॉक्टरला संरक्षण मिळावं. विधेयक संमत झालं नाही. तेहतीस वर्षांनी, ९ मार्च २०१८ ला, कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, की सन्मानानं मरण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि प्रौढ माणसाला आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवता येईल. वर्दे सर काळाच्या किती पुढे होते याची नोंद महाराष्ट्रानं अजून नीट घेतलेली नाही.

२०१८ ची पद्धत मात्र इतकी जाचक होती की कागदावरच राहिली. अशा आगाऊ इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही, वीस-वीस वर्षांच्या अनुभवाचे तज्ज्ञ, दुसरं मंडळ जिल्हाधिकाऱ्यांनी नेमायचं, मग दंडाधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष येऊन रुग्ण पाहायचा. आयसीयूतल्या माणसाला एवढा वेळ कुठला? शेवटी २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयानंच ती सोपी केली. आज ती कशी आहे ते सांगतो, जरा लक्ष द्या.

तुम्ही सज्ञान आहात, मन ठिकाणावर आहे आणि कुणाच्या दबावाखाली नाही, एवढं पुरे. साध्या कागदावर लिहायचं, की अमुक अवस्थेत, बरं होण्याची आशा नसताना, मला हे हे उपचार नकोत किंवा चालू असतील तर थांबवावेत. तुमच्या वतीनं निर्णय घेणाऱ्यांची नावं लिहायची. एकापेक्षा जास्त नावं देता येतात. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. एक प्रत तुम्ही नेमलेल्या व्यक्तींना, एक तुमच्या डॉक्टरला आणि एक स्थानिक संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मन बदललं तर लेखी रद्द करता येतं, केव्हाही. जोवर तुम्ही स्वतः बोलू शकता तोवर हा कागद कपाटातच राहतो, तुमचा शब्दच चालतो.

वेळ आली की उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ असं पहिलं मंडळ बसतं. मग दुसरं मंडळ, ज्यात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. दोघांनीही शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं. न्यायदंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचं, परवानगी मागत बसायचं नाही. मंडळानं नाकारलं तर उच्च न्यायालयाचं दार उघडं आहे. इंजेक्शन देऊन मरण आणणं हा आपल्याकडे कालही गुन्हा होता आणि आजही आहे. या निकालाचा त्याच्याशी काही संबंध नाही. ज्या आजारानं माणूस चालला आहे त्या आजाराला यंत्रांनी अडवून धरायचं थांबवणं, एवढीच ही परवानगी आहे.

इच्छापत्राची तिसरी प्रत ज्याच्याकडे द्यायची तो स्थानिक संस्थेतला अधिकारी बराच काळ नेमलाच गेला नव्हता. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं इच्छापत्र केलं, आणि ते स्वीकारायला कुणी नाही म्हणून जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यामुळे २०२४ मध्ये राज्यभरच्या स्थानिक संस्थांतून असे अधिकारी नेमले गेले. त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं. असं करणारे ते गोव्यातले पहिले. एका कार्यरत न्यायाधीशानं हे जाहीरपणे करावं याला माझ्या लेखी मोठी किंमत आहे. तुम्हीही महापालिकेत जा, अधिकाऱ्याचं नाव विचारा, कागद द्या आणि पोच घ्या. चार माणसं विचारायला गेली की टेबल आपोआप सापडतं.

पण कागद हा शेवटचा टप्पा आहे. त्याच्या आधीचं बोलणं अवघड असतं, आणि ते डॉक्टरांच्या घरातही अवघड असतं. डॉक्टर आणि लेखक अतुल गावंडे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांचे वडील आत्माराम गावंडे हे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. ओहायोत नामांकित मूत्रविकार शल्यचिकित्सक झाले. आजोबा उटीतच शेती करत जवळजवळ एकशेदहा वर्षं जगले, माणसांच्या गराड्यात. वडिलांच्या मज्जारज्जूत गाठ निघाली तेव्हा घरात आई डॉक्टर, वडील डॉक्टर, मुलगा डॉक्टर. तरी काय नको, कशाची भीती वाटते, हे वडिलांना विचारायला मुलाला मनाची तयारी करावी लागली. विचारलं, म्हणून पुढची वाट सापडली आणि २०११ साली वडील स्वतःच्या घरी गेले. गावंडेंनी हे सगळं २०१४ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं आहे.

माझ्या एका पेशंटची गोष्ट सांगतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात ते टर्नर होते. फुप्फुसं झिजलेली, घरी ऑक्सिजनचं यंत्र. दोनदा आयसीयूत जाऊन आलेले. तिसऱ्यांदा काय करायचं, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी यंत्र बंद करायला लावलं, कारण त्याच्या आवाजात आपलं बोलणं मुलीला ऐकू जाणार नाही असं त्यांना वाटलं. मग दम घेत घेत म्हणाले, ‘एकदा नळी टाका. सात दिवस बघा. निघाली तर ठीक. नाही निघाली तर गळ्याला भोक पाडायचं नाही, काढून टाकायची आणि दम लागू नये म्हणून औषध द्यायचं. मुलाला वाटेल आपण कमी पडलो. त्याला सांगा, हे बाबांनी सांगितलंय.’ आयुष्यभर मशीनवर माप घेतलेला माणूस. इतका नेमका मजकूर मला एखाद्या वकिलानंही दिला नसता. मुलीनं तो शब्दशः लिहून घेतला.

पाच महिन्यांनी ती वेळ आली. सातव्या दिवशी मुलीनं तो कागद ड्युटीवरच्या डॉक्टरांसमोर ठेवला. त्यांनी असा कागद कधी पाहिला नव्हता. दोन मंडळं बसवेपर्यंत दोन दिवस गेले, बरीच धावपळ झाली, पण झालं. मुलगा पुण्याहून आला होता. तो मला नंतर म्हणाला, ‘मला काहीच ठरवावं लागलं नाही.’ हे म्हणताना तो रडत होता, पण मान वर करून. ‘डामा’वर सही केलेली मुलं मी वर्षानुवर्षं बघतो आहे. त्यांना मान वर करता येत नाही.

म्हणून लिहिताना मोघम लिहू नका. ‘मला त्रास नको’ या वाक्याचा आयसीयूत काही उपयोग होत नाही. श्वासनलिकेतली नळी चालेल का, किती दिवस? डायलिसिस? हृदय बंद पडलं तर छाती दाबायची का? म्हाताऱ्या, ठिसूळ हाडांच्या शरीरात त्या दाबानं बरगड्या मोडतात, हे कुणी सांगत नाही. नाकातून अन्नाची नळी? जगण्यातली कोणती गोष्ट गेली तर यंत्रानं ओढत राहू नये असं वाटतं: माणसं ओळखणं, दोन वाक्यं बोलणं, आपल्या हातानं जेवणं? आणि ‘सगळे उपचार करा, शेवटपर्यंत झुंजू द्या’ असं ज्याला वाटतं त्यानं तेही निःसंकोच लिहावं. त्याचाही तितकाच मान ठेवला गेला पाहिजे.

आता एक गोष्ट मला पुरुषांना उद्देशून बोलायची आहे. आचार्य, स्वातंत्र्यवीर, ऋषितुल्य विनोबा, इच्छेनं मरण निवडल्याच्या आपल्या कहाण्या बहुतेक पुरुषांच्या आहेत. माझ्या दवाखान्यात नवऱ्याची इच्छा बायकोला तोंडपाठ असते. बायकोची इच्छा नवऱ्याला विचारली तर तो मुलाकडे बघतो. जिनं सासूचं, सासऱ्यांचं, नवऱ्याचं शेवटचं सगळं केलं, बेडपॅन बदलले, रात्री जागून काढल्या, तिच्याइतका या विषयाचा अनुभव घरात कुणालाच नसतो. आणि तिची पाळी आली की ‘तिला काय कळतंय, घाबरेल उगाच’ म्हणून तिला खोलीबाहेर ठेवून निर्णय होतात. घरी जाऊन आईला विचारा. पहिल्यांदा ती ‘माझं काय, तुम्ही म्हणाल तसं’ म्हणेल. तिथे थांबू नका. दुसऱ्यांदा विचारा.

विचारताना एक काळजी घ्यायची. ‘देवानं आता न्यावं’ असं म्हातारी माणसं म्हणतात, तेव्हा ते इच्छापत्र नसतं. मी त्यावर नेहमी विचारतो, का न्यावं? उत्तर येतं की गुडघे रात्रभर ठणकतात, ऐकू येत नाही म्हणून कुणी बोलत नाही, सुनेला ओझं होतंय. गुडघ्यांवर, कानांवर, एकटेपणावर आणि नैराश्यावर उपचार आहेत, आणि ते आधी करायचे. जगण्याला कंटाळलेल्या माणसाला सोबत हवी असते. त्याच्या त्या वाक्याचा आधार घेऊन कुणी औषधपाणी थांबवत असेल तर तो गुन्हा आहे.

इस्टेटीसाठी याचा गैरवापर होईल, असंही काही ज्येष्ठ मला विचारतात. ही भीती फोल नाही. पण कागद नसताना मुलाच्या एका सहीवर काय काय होतं ते मी मघाशी सांगितलं. कागद असला तर दोन मंडळं, सहा डॉक्टर, साक्षीदार आणि दंडाधिकाऱ्यांकडे नोंद एवढ्या चाळण्या लागतात. ज्याच्यावर विश्वास नाही त्याचं नाव लिहू नका. भाचीचं लिहा, मित्राचं लिहा. विश्वास असेल तर कायदा शेजारणीचंही नाव चालवून घेतो.

घरी मरण यावं असं बहुतेकांना वाटतं. इथल्या मूळच्या आगरी-कोळी गावांत, दिवाळ्याला, करावेला, अजूनही म्हातारं माणूस ओसरीवर, माणसांत जातं. सिडकोच्या सेक्टरमधल्या लोकांना त्याचा हेवा वाटतो. पण तिथेही कॅन्सरच्या वेदनेनं रात्र-रात्र ओरडणारी माणसं मी पाहिली आहेत, कारण मॉर्फिन कुणी दिलेलं नव्हतं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं या औषधाला इतक्या परवान्यांत बांधलं की डॉक्टर ते लिहायलाच विसरले. २०१४ च्या दुरुस्तीनं ते सोपं झालं, सवय मात्र परत आलेली नाही. वेदनेनं तळमळणाऱ्या माणसाला तोंडानं घ्यायची मॉर्फिनची गोळी किंवा औषध नीट मात्रेत देता येतं. त्यानं सहसा व्यसन लागत नाही, आणि योग्य मात्रेत मरण लवकर येत नाही.

दुसरी अडचण ऐकायला क्षुल्लक वाटते, पण तिच्यापायी कित्येक लोक शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात नेले जातात: ‘घरी गेले तर सर्टिफिकेट कोण देणार? पोलीस येतील का?’ जुन्या आजारानं, डॉक्टरच्या देखरेखीखाली घरी मृत्यू आला तर तो डॉक्टर नमुना ४-अ मध्ये मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र देतो. त्यात पोलिसांचा संबंध नाही. मात्र त्या डॉक्टरला आजार ठाऊक हवा. म्हणून ज्यांना घरी राहायचं आहे त्यांनी घरी येणारा एक डॉक्टर आधी गाठून ठेवावा आणि त्याच्याशी हे स्पष्ट बोलून घ्यावं. माझ्या समव्यवसायी मित्रांना विनंती आहे, घरी जायला नाही म्हणू नका. रात्रीचा जिना चढावा लागला तरी.

शेवटी मागणी. ती मी आज या व्यासपीठावरून महापालिकेकडे करतो आहे. वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचं, देशातलं पहिलं हॉस्पिस १९८६ साली वांद्र्याला सुरू झालं, शांती आवेदना सदन. खारघरला टाटा मेमोरियलचं केंद्र आहे. तज्ज्ञांची ददात आपल्याकडे नाही. केरळनं २००८ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरण केलं आणि गावोगाव परिचारिका घरी जाऊ लागल्या, स्वयंसेवक शेजारीपाजारीच उभे राहिले. नवी मुंबईत प्रत्येक नागरी आरोग्य केंद्राला निदान एक अशी परिचारिका द्या, जी आठवड्यातून दोनदा घरी जाईल, जखम बघेल, मॉर्फिनची मात्रा डॉक्टरला विचारून वाढवेल, घरच्यांना कूस बदलायला शिकवेल. केईएमच्या मुली एकमेकींना हेच शिकवत होत्या. आणि वाशीच्या महापालिका रुग्णालयातल्या प्रत्येक निवासी डॉक्टरला रुजू होताना २०२३ चा निकाल समजावून सांगा, म्हणजे पुढच्या वेळी एखादी मुलगी कागद घेऊन आयसीयूच्या दारात उभी राहिली तर तिला दोन दिवस धावावं लागणार नाही. ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रांत महिन्यातून एकदा नोटरी आणि डॉक्टर एकत्र बसवायला फारसा खर्च येत नाही. जागा आहे, माणसं आहेत. पहिल्या बैठकीला मी येतो, तारीख कळवा.